तात्यांच्या गाडीचं वाढतं ऑईल

आमच्या घरात गोडं तेल कायम संपलेलं असायचं आणि काळं तेल कायम भरलेलं. गोडं तेल आई बाटलीच्या झाकणाने मोजून कढईत सोडायची. भाजी तेलात झालीय की पाण्यात, हे आम्ही भावंडं एकमेकांना विचारत नसू. काळ्या तेलाचा मात्र चांगला मोठा डबा होता. वडील साजगावला एका कारखान्यात यंत्रं पुसायच्या कामावर होते. तिथे यंत्रातून काढलेलं जळकं ऑईल फुकट मिळायचं. सायकलच्या हँडलला डबा अडकवून ते घरी आणायचे आणि घराच्या लाकडी खांबांना, वाशांना, दाराच्या चौकटीला ब्रशने फासायचे. वाळवी लागू नये म्हणून. आमच्याकडे आलेला पाहुणा खांबाला टेकून बसला, की उठताना अर्धा खांब पाठीवर घेऊन जायचा. त्यामुळे आमच्याकडे पाहुणेही फार येत नसत, हा आणखी एक फायदा.

वडिलांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत पांढरा डगला घालून बसणारे एक साहेब होते. ते केमिस्ट. दिवसभर काचेच्या नळीत काहीतरी हलवायचे आणि संध्याकाळी आले तेवढेच पांढरे घरी जायचे. वडिलांना जगात याहून मोठा चमत्कार माहीत नव्हता. म्हणून मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालो. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. हे मी नम्रपणे सांगत नाही, मुद्दाम सांगतोय.

पांढरा डगला मी घातला, नाही असं नाही. पण नळीत काहीतरी हलवून हलवून मला झोप यायची. कॉलेजच्या सुट्ट्यांत मी फी भरण्यासाठी गॅरेजमध्ये काम केलं होतं, तिथे मला कधी झोप आली नव्हती. शेवटी डगला घडी करून ठेवला आणि कर्जतला भिसेगावात स्वतःचं गॅरेज काढलं. वडील उद्घाटनाला आले, त्यांनी नारळ फोडला, खोबरं वाटलं, आणि सगळे गेल्यावर म्हणाले, “काळ्या तेलातनं बाहेर काढाया तुला शिकवला. तू डिग्री घेऊन परत त्यातच उतरलास.”

मी नारळाच्या करवंट्या उचलल्या आणि गॅरेज झाडायला घेतलं.

आता धंद्याचं थोडं सांगतो. कर्जत-खालापुरात गाड्या दोन जातींच्या. एक धावणाऱ्या आणि दुसऱ्या उभ्या असणाऱ्या. बाहेरच्या माणसाला वाटेल गॅरेज धावणाऱ्या गाड्यांवर चालतं. तसं नाही. आमच्याकडे मुंबईकरांचे बंगले आहेत, त्यात एक गाडी कायमची ठेवलेली असते. मालक कधीतरी शनिवारी येतो, गाडी पुसून घेतो, तिच्यात बसून दोन गाणी ऐकतो आणि लोकलने परत जातो. एका बंगल्याच्या राखणदाराची बायको तर गाडीच्या बॉनेटवर फणसपोळी वाळवायची. मालकाने मला फोन करून विचारलं, रंगाला चिकट डाग कसले? मी सांगितलं, झाडाचे. खोटं नव्हतं.

दुसरे उभ्या गाड्यांवाले आमचे गाववाले. बिल्डरला जमीन गेली, दारात गाडी आली. पण जायचं कुठे? शेत तर गेलं. मग गाडी उभी.

या सगळ्यांचा मला एकच प्रश्न असतो: गाडी चालवलीच नाही, मग ऑईल कशाला बदलायचं?

प्रश्न बरोबर वाटतो, म्हणूनच घात होतो. ऑईलचं काम फक्त वंगणाचं नाही. इंजिनात जी घाण होते ती ते पोटात घेतं. आणि पेट्रोल जळलं की त्यातून पाणीही तयार होतं, हे लोकांना खरं वाटत नाही. भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचललं की खालून थेंब गळतात, तसंच इंजिनातही वाफ धरते. गाडी तासभर चांगली पळाली, तापली, तर वाफ निघून जाते. पण चालू केली आणि लगेच बंद केली, तर ती वाफ आतच गार होते आणि ऑईलमध्ये उतरते. थंड इंजिनात न जळलेलं थोडं पेट्रोलही उतरतं. म्हणून गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तकात लिहिलेलं असतं: इतके किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. लोकांना त्यातले किलोमीटर ऐकू येतात. वर्ष ऐकू येत नाही.

हे मी शेलूच्या तात्यांना किती वेळा सांगितलं असेल, त्याचा हिशोब नाही.

तात्यांचं शेत नव्या सोसायटीखाली गेलं आणि बैलजोडी विकली गेली. त्यांनी पांढरी, ऐसपैस, सात माणसं बसतील अशी गाडी घेतली आणि ती रिकाम्या गोठ्यात नेऊन उभी केली. दावणीच्या बाजूला तोंड करून. मला पहिल्यांदा बोलावलं ते गाडी बिघडली म्हणून नाही, तर “जनावर बरं हाय का बघून जा” म्हणून.

मी सकाळी गेलो. तात्यांनी गोठ्याचं दार उघडलं, गाडीच्या बॉनेटवर हात फिरवला, आत बसून चावी फिरवली. गाडी घुरघुरली. तात्या बाहेर आले आणि तिच्याकडे बघत तंबाखू मळत उभे राहिले. तंबाखू मळून तोंडात गेली की आत वाकून गाडी बंद केली.

“रोज करता असं?” मी विचारलं.

“रोज. बांदून ठेवलेला बैल बसूनच राहिला तर पुढं उठत नाय रं. रोज उठवाया लागतो.”

मी म्हटलं, तात्या, बैलाचं ठीक आहे, पण गाडीला हेच सगळ्यात वाईट. उठवायची तर फिरवून आणा, नाहीतर झोपू द्या. अर्धवट उठवू नका. तात्या माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी त्यांना म्हटलंय की जेवायला वाढा पण खाऊ देऊ नका.

फिरवून मात्र आणायची नव्हती. त्याला कारण होतं. तात्यांची मुलगी लग्नानंतर सासरी गेली ती दुसऱ्याकडून मागून आणलेल्या टेंपोतून. तो टेंपो पळसदरीच्या पुढच्या चढावर बंद पडला. वऱ्हाड खाली उतरलं, सगळ्यांनी ढकललं, आणि लोक कमी पडले तेव्हा नवरीनेही शालू खोचून हात लावला. सासरी तिला अजून “ढकलत आलेली सून” म्हणतात. तिला आता स्वतःची सून यायची वेळ झाली, तरी म्हणतात. गाडी घेतली तेव्हाच तात्यांनी ठरवलं की नात सायली जाईल ती स्वतःच्या गाडीतून, आणि कुणी खाली उतरणार नाही. गाडी पहिल्यांदा रस्त्याला लागेल ती सायलीला घेऊन. तोवर ती गोठ्यात.

अपवाद फक्त दिवाळीच्या पाडव्याचा. आमच्याकडे पाडव्याला बैलांना सजवून पेटत्या पेंढ्यावरून उडवतात. बैल नव्हते, म्हणून तात्यांनी गाडी सजवली. टपावर झेंडूच्या माळा, बॉनेटला गेरूचे हाताचे ठसे. खळ्यात मूठभर पेंढा पेटवला आणि मुलाला, सायलीच्या बापाला, गणेशला म्हणाले, “उडव.” गणेशकडे लायसन्स होतं, पण गाडी उडवायचं नव्हतं. नशीब, तात्यांच्या बायकोने, म्हणजे सायलीच्या आजीने, बादलीभर पाणी आधीच ओतलं. मग गणेशने ओल्या राखेवरून गाडी सावकाश पुढे नेली आणि मागे आणली. त्या गाडीचा वर्षाचा प्रवास तेवढाच. गोठ्यातून खळ्यात, खळ्यातून गोठ्यात.

मी दरवर्षी सांगायचो, तात्या, ऑईल बदलू. किलोमीटर किंवा वर्ष, जे आधी होईल ते. तात्या म्हणायचे, “माज्या नातीचं लगीन आधी होईल.”

आणि तसंच व्हायची वेळ आली. सायलीचं जमलं. स्थळ साजगावचं, मुलगा तिथल्याच कारखान्यात सुपरवायझर. म्हणजे वाट तीच, पळसदरीवरून खोपोलीकडे. लग्न तात्यांच्या खळ्यात आणि लग्न लागलं की वरात गाडीतून साजगावला. मला आमंत्रण आलं तेव्हा माझ्या डोळ्यासमोर लग्नाचा मांडव आला नाही, ऑईलचं झाकण आलं. न बोलावता मी शेलूला गेलो.

बॉनेट उघडलं, झाकण फिरवलं. झाकणाला आतून पिवळट पांढरी साय. चांगली जाड. घरच्या म्हशीच्या दुधालाही हल्ली इतकी येत नाही. मग ऑईलची पट्टी ओढून बघितली. पट्टीवर दोन खुणा असतात, ऑईल त्या दोन्हींच्या मध्ये पाहिजे. इथे ते वरच्या खुणेच्याही बरंच वर आलेलं.

तात्या खांद्यावरून डोकावत होते. “कमी झालंय का?”

“नाही, वाढलंय,” मी म्हटलं. हे बोलायला नको होतं.

तात्यांनी पट्टी माझ्या हातातून घेतली, उजेडात धरली, दुसऱ्या हाताने डोक्यावरची टोपी काढली. “वाढलंय,” ते हळूच म्हणाले. मग अंगणात जाऊन मोठ्याने म्हणाले. मग शेजारी जाऊन म्हणाले.

दुपारपर्यंत गोठ्यासमोर माणसं जमली. दुसऱ्यांच्या गाड्या तेल पितात, तात्यांची गाडी तेल देते, अशी बातमी होती. गावच्या एका टेंपोवाल्याने, ज्याचा टेंपो निम्मं ऑईल रस्त्यावर सांडतो, त्याने गाडीला हात जोडले. कोणीतरी बॉनेटवर हळदीकुंकू लावलं. एक बाई म्हणाली, गोठ्यात लक्ष्मी होती ती गेलीच नाही, बैल गेले पण ती राहिली. तात्या प्रत्येकाला पट्टी काढून दाखवत होते, पुसत होते, परत घालत होते, परत दाखवत होते. पट्टी इतक्या वेळा काढलेली मी माझ्या गॅरेजमध्येही बघितली नाही.

मी पदवीधर माणूस. मला हे सहन होईना. दगडावर उभा राहून मी सगळ्यांना समजावलं. पेट्रोल जळल्यावर पाणी कसं होतं, ते ऑईलमध्ये कसं मिसळतं, त्याची साय का धरते, असं पातळ झालेलं ऑईल चढावर तापलं की इंजिनाचे भाग एकमेकांवर कसे घासतात. पट्टी नाकाला लावून बघा, पेट्रोलचा वास येईल, असंही म्हटलं. लोक शांतपणे ऐकत होते. मला वाटलं, पटतंय. मग मागून आवाज आला, “मंजे त्येल पन वाढतंय आनि पेट्रोल पन?” आणि गर्दीत पुन्हा आनंद पसरला.

तात्यांनी मला बाजूला घेतलं. “बीएस्सी, तुला ऑईल इकायचं हाय, ह्ये समजतंय मना. पन घरात आलेली बरकत लग्नाच्या तोंडावर कोन ओतून देतं का रं?”

“तात्या, गाडी चढावर बंद पडेल.”

“वाढत्या तेलाची गाडी बंद पडंल?”

“पडेल. पळसदरीच्याच चढावर पडेल. आणि सायलीला ढकलायला लागेल.”

तात्यांचा चेहरा उतरला. पण माघार घ्यायची तर समोर अख्खं गाव उभं, आणि बॉनेटवर हळदीकुंकू. त्यांनी पट्टी परत एकदा पुसली. लग्न आठवड्यावर आलेलं. माझी केमिस्ट्री संपली होती.

तेवढ्यात आजी बाहेर आल्या. इतका वेळ त्या ओसरीवर लग्नाचे तांदूळ निवडत बसल्या होत्या आणि सगळं ऐकत होत्या. सूप हातातच होतं. नवऱ्याला म्हणाल्या, “अवो, गेल्या साली तुमचं पाय सुजलं. वजन वाढलं. डाक्तर काय म्हनला? पानी झालंय अंगात. तवा वजन वाढलं म्हनून पेढं वाटलं का आपन?”

टेंपोवाल्याने जोडलेले हात खिशात घातले.

“गोळी दिली ना तुमाला? मंग गाडीला पन द्या,” असं म्हणून आजी परत तांदूळ निवडायला बसल्या.

सांगायला अभिमान वाटत नाही, पण माझ्या तीन वर्षांच्या पदवीने जे झालं नाही ते तात्यांच्या पायाने केलं. गर्दी पांगली. बाईने जाताना बॉनेटवरचं कुंकू पदराने पुसलं, जणू चुकून दुसऱ्याच्या दारात दिवा लावला होता.

तात्या तयार झाले, पण अट घातली. काढलेलं ऑईल गावाबाहेर जाता कामा नये. पाणी असो नाहीतर लक्ष्मी, घरातच राहिलं पाहिजे. मी म्हटलं, त्याचं काय करणार? आणि म्हणता म्हणताच मला आठवलं की हे ज्यांना विचारायचं ते माझ्याच घरात बसलेत.

दुसऱ्या दिवशी वडिलांना मोटरसायकलवर मागे बसवून शेलूला नेलं. निवृत्त झाल्यावरही त्यांनी ब्रश जपून ठेवला होता. मी गाडीखाली शिरलो, ऑईल साठतं त्या चेंबरचा बोल्ट सोडला. काळं ऑईल पडायला पाहिजे होतं, पडला तो दूध जास्त झालेला चहा. डबा भरून वर आला. फिल्टर बदलला, नवीन ऑईल ओतलं, पट्टी दोन खुणांच्या मध्ये आली. तात्यांनी ती बघितली आणि बरकत कमी झाल्यासारखा सुस्कारा सोडला.

वडिलांनी तो डबा घेतला, कडेला ठेवून दुपारभर पाणी खाली बसू दिलं, वरचं तेल वेगळं केलं आणि गोठ्याच्या खांबांना फासायला लागले. वरून खाली, एका हाताने, एक थेंब न सांडता. तात्या बाजूला उभे राहून बघत होते. त्यांना अजून एक शंका होती. “मना सांगा, बाहेरनं बघून ह्यात पानी झालंय ह्ये तुमच्या पोराला समजलं कसं?”

वडिलांनी ब्रश थांबवला नाही. “त्याला समजनार. केमिस्ट हाय तो.”

मी तेव्हा बोल्ट तपासायला परत गाडीखाली शिरलो होतो. बोल्ट घट्ट झाला होता, तरी थोडा वेळ मी तो आवळत राहिलो.

पण काम इथे संपत नव्हतं. इंजिनाच्या कोपऱ्याकोपऱ्यात ओल बसलेली, टायर इतकी वर्षं एका जागी, ब्रेक गंजलेले. ब्रेक साफ केले, टायरात हवा भरली, त्यात लग्न दोन दिवसांवर आलं. आता गाडी लग्नाआधी एकदा तरी चांगली तापेपर्यंत पळवायला पाहिजे होती. आणि तात्यांचा शब्द होता की पहिल्यांदा रस्त्याला लागेल ती सायलीला घेऊनच.

तोडगा सायलीनेच काढला. “मग मला घेऊनच जा की,” म्हणाली, आणि घरच्या कपड्यात, हाताला ओली मेंदी, मागच्या सीटवर येऊन बसली. शब्द मोडत नव्हता. तात्या पुढे बसले, मांडीवर नारळ. गणेश चालवायला, मी सायलीशेजारी, कान इंजिनाकडे. आजी म्हणाल्या, मी पण येते, आणि तांदळाचं सूप घेऊनच बसल्या.

नेरळ गेलं तोवर तात्यांनी नारळ दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. पुढे सायली श्रीमंतासारखी काच खाली करून बसली. कर्जतच्या नाक्यावर ओळखीचे लोक भेटले. मांडीवर नारळ, मागे मेंदीवाली मुलगी आणि सूप घेतलेली आजी बघून त्यांनी गणेशला विचारलं, लग्न इतक्या घाईत का उरकलं? गणेश फक्त हसला, आणि त्याने घोटाळा झाला. आम्ही वडापाव खायला थांबलो तेवढ्यात सायलीचा फोन वाजला. मेंदीमुळे तो मी तिच्या कानाला धरला, म्हणून मला दोन्ही बाजू ऐकू आल्या. नवरा मुलगा होता.

“कुठे आहेस तू? लोक सांगतात तुला गाडीत घालून कुठेतरी नेलंय.”

“हो. ऑईल तापवायला.”

मग तो म्हणाला, “कारखान्यात आम्ही पण मशीन लोडवर टाकण्याआधी रिकामी चालवून बघतो. चांगली तापवून आणा म्हणावं.” मी फोन ठेवल्यावर आजीने सायलीला विचारलं, काय म्हणाला? ती म्हणाली, चालेल.

परतताना सायलेन्सरमधून पाणी गळायला लागलं. तात्या घाबरले. मी म्हटलं, गळू द्या, सूज उतरतेय.

लग्नाच्या दिवशी अक्षता पडल्या, जेवणं झाली आणि वरात निघाली. गाडीत नवरा-नवरी, गणेश, तात्या, आजी, आणि तात्यांनी हट्टाने बसवलेली त्यांची मुलगी, सायलीची आत्या. मी मागे मोटरसायकलवर, पाठीला हत्यारांची पिशवी. पळसदरी आली. चढ सुरू झाला. मी काही मंत्र म्हणणारा माणूस नाही, पण त्या चढावर मी पुस्तकातलं इंजिनाचं प्रकरण मनात म्हणत होतो. मधल्या वळणावर गाडी हळू झाली आणि मी पाठीवरची पिशवी चाचपली. मागच्या खिडकीतून आत्याचा हात बाहेर आला. रस्त्याच्या कडेला बोट दाखवून ती आतल्यांना काहीतरी सांगत होती. टेंपो बंद पडला ती जागा दाखवत होती. ती दाखवून झाली आणि गणेशने गिअर टाकला. गाडी वर गेली.

साजगावला उतरल्यावर आत्या माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “भावा, पायातल्या चपला अजून कोऱ्या हायत.” एवढंच.

तात्यांची गाडी आता गोठ्यात दुसऱ्या बाजूला तोंड करून उभी असते, रस्त्याकडे. सकाळी तिला कोणी उठवत नाही. आठवड्यातून एकदा तात्या आणि आजी तिच्यातून साजगावला नातीकडे जातात, आणि पाडव्याच्या आदल्या दिवशी गाडी ऑईल बदलायला माझ्याकडे येते. तिच्यामागून शेलूच्या बाकीच्या उभ्या गाड्याही येऊ लागल्यात. माझ्या गॅरेजच्या पाटीवर नावापुढे बी.एस्सी. लिहिलेलं आहे. त्याच्यापुढे वडिलांनी पेंटरकडून ‘केमिस्ट’ असं वाढवून घेतलं, त्यामुळे अधूनमधून कोणीतरी खोकल्याचं औषध मागायला येतं. पाटी मी बदलली नाही.

ऑईल आधी बदललं, लग्न नंतर लागलं, आणि सायली साजगावला बसून पोचली.